कृषी सल्ला : नमुना डिक्कीत शिजवून पाठवू नका

प्रश्न (वरुड तालुका) : संत्र्याची झाडं पिवळी पडत आहेत, पानं गळतात, बुंध्यातून डिंक येतो. मुळांसकट माती तपासायला दिली. रिपोर्टमध्ये फायटोफ्थोरा (मुळं आणि बुंधा कुजवणारा रोगजंतू) नाही, फ्युजारियम (मातीतली एक बुरशी) आलं. कृषी केंद्रवाल्यानं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग (मुळांशी औषधाचं पाणी ओतणं) सांगितलं. करावं का?

उत्तर : करू नका. औषधाला हात लावण्याआधी तुमच्याच पत्रातल्या पुढच्या चार ओळी पुन्हा वाचा. नमुना शनिवारी दुपारी काढला, पन्नीत गाठ मारून मोटरसायकलच्या डिक्कीत टाकला, रविवारी सुट्टी म्हणून तो तिथंच राहिला आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेत दिला. आणि त्याच्या आठ दिवस आधी त्याच झाडांना मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब या फायटोफ्थोरावरच्या औषधाचं ड्रेंचिंग झालेलं होतं! या मातीत फायटोफ्थोरा सापडला असता तर मला नवल वाटलं असतं.

प्रयोगशाळेत हा रोग कसा पकडतात ते समजून घ्या. माती पाण्यात भिजवतात, वर संत्रावर्गीय झाडाच्या पानाचे तुकडे आमिष म्हणून तरंगत ठेवतात. फायटोफ्थोराचे पोहणारे बीजाणू त्या पानाकडे येतात, पान कडेनं काळवंडतं, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. म्हणजे तो तिथं पोचेपर्यंत जिवंत असायला हवा. हा जीव ओलाव्यातला आहे. माती कोरडी झाली, तापली किंवा त्यात औषध मुरलेलं असलं की तो आमिषाकडे येतच नाही. फ्युजारियमचं तसं नाही. ते जवळपास प्रत्येक वावराच्या मातीत असतं. बंद पन्नीत तंतुमुळं घामेजून मरायला लागली की त्यावर ते जोरात वाढतं. घरफोडी करणारा पळाला आणि पंचनाम्याला जमलेल्यांतला एक जण धरून आणला, असा तुमचा रिपोर्ट आहे. प्रयोगशाळेनं तिच्याकडे जे आलं ते बरोबरच सांगितलं.

आता दुकानदाराचं ऐकलं तर काय होईल? कार्बेन्डाझिम फायटोफ्थोरावर चालत नाही. कमी टाका, जास्त टाका, चालत नाही म्हणजे नाही. पैसे जातील आणि तेवढ्या दिवसांत मुळं आणखी सडतील. आणि आधी जे मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब दिलं ते लिटरला ५ ग्रॅमनं दिलं, असं तुम्हीच लिहिता. शिफारस २.५ ग्रॅमची आहे. 'रोग जास्त आहे, डोस डबल करा' हे वाक्य मी या पट्ट्यात इतक्या बागांत ऐकलं आहे की आता ते ऐकलं की आधी पावती मागतो. डबल डोसनं रोग डबल मरत नाही. खर्च डबल होतो आणि पुढे रोग औषधाला दाद देईनासा होतो. त्याच टाकीत ह्युमिक, क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक आणि १९:१९:१९ खत एकत्र ओतायला सांगणारेही आहेत. त्यांना दुकानातूनच नमस्कार करा.

रिपोर्टसाठी अडून न राहता करायची कामं अशी : बुंध्यावरचा डिंक आणि कुजलेली साल धारदार चाकूनं खरवडा, खरवडलेलं गोळा करून जाळा, त्यावर १:१:१० बोर्डो मलम (मोरचूद, चुना, पाणी) लावा. आळ्यात पाणी साचू देऊ नका, दोन ओळींत चर काढा. बुंध्याला लागून पाणी देणं आजच बंद. यातल्या कशालाच प्रयोगशाळेचा कागद लागत नाही.

नमुना मात्र पुन्हा घ्या. आता ड्रेंचिंग झालंच आहे, तेव्हा ज्या झाडांना औषध पोचलं नाही अशी पिवळी पडू लागलेली झाडं निवडा. पार वाळलेलं झाड निवडू नका, त्याच्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशांचीच वस्ती असते. झाडाच्या घेराखाली, वरची चार बोटं माती बाजूला सारून, १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरून चारही बाजूंनी माती घ्या. तंतुमुळं मूठभर तरी हवीत. जाडी मुळं उपयोगाची नाहीत. मुळं धुऊ नका. माती ओलसर हवी, चिखल नको, ठणठणीत कोरडीही नको.

इथं माझा आग्रहाचा मुद्दा आहे आणि तो मी प्रत्येक गटाला सांगतो : गटात थर्माकोलचा एक डबा ठेवा. मेडिकलवाल्याकडे औषधांचे येतात, फुकटही मिळतो. पाण्याची एक बाटली रात्री बर्फाच्या कप्प्यात गोठवा, सकाळी ती वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात तळाशी ठेवा, वर आणखी कागद, त्यावर नमुन्याची पिशवी. बर्फ पिशवीला थेट टेकता कामा नये. नमुना फ्रीजरमध्ये तर मुळीच टाकू नका. गोठलेली मुळं बाहेर काढली की तासाभरात लिबलिबीत होतात, मग त्यातून काहीच कळत नाही. साध्या फ्रिजमध्ये एक रात्र चालेल, आठवडा नाही. नमुना पहाटे काढा, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पोचवा. सोमवार-मंगळवार निवडा. शनिवारी काढलेल्या नमुन्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच. गावाचं नाव, गट नंबर, झाडाची लक्षणं, शेवटचं औषध कोणतं आणि कधी दिलं हे शिसपेन्सिलीनं लिहून चिठ्ठी बाहेरच्या पिशवीत घाला. बॉलपेनची शाई ओलीनं पसरते, आणि मातीत टाकलेली चिठ्ठी लगदा होऊन निघते.

नमुना आधी, औषध नंतर. हे उलटं करायला सांगणारा दुकानदार तुमच्या बागेचा सल्लागार नाही.

प्रश्न (आर्वी तालुका) : याच मातीवर खताची तपासणीही होईल का?

उत्तर : नाही, तिचं सगळं उलटं आहे. रोग आणि सूत्रकृमी (मुळांवरचे डोळ्यांना न दिसणारे जंत) यांच्यासाठी माती ओली आणि गार हवी, अन्नद्रव्यांसाठी सावलीत वाळवलेली हवी. ओली माती पन्नीत बांधून ठेवली तर तिच्यातले जिवाणू काम चालूच ठेवतात आणि नत्राचा आकडा बदलतो. चुलीपाशी किंवा कडक उन्हात वाळवू नका. रिकाम्या युरियाच्या थैलीत अजिबात नको, मग नत्र तुमच्या वावराचं की थैलीचं? कापडी पिशवी, अर्धा किलो, बस. मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून आहे, १२ घटक तपासून मिळतात, नमुना कृषी सहायकाकडे द्या.

प्रश्न (कारंजा तालुका) : सोयाबीनसाठी रायझोबियमची (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंची) पाकिटं मे महिन्यातच घेतली. मागच्या वर्षी फरक दिसला नाही. दुकानदार म्हणतो, या वर्षी दुप्पट लावा.

उत्तर : पाकीट दुकानात कुठं ठेवलं होतं ते पाहिलं का? आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छपराखाली दुपारी हात टेकवत नाही, आणि बहुतेक कृषी केंद्रांत जिवाणू खताचे खोके त्याच छपराखाली, वरच्या फळीवर, युरियाच्या थप्पीशेजारी असतात. आत जिवंत जिवाणू आहेत. पाकिटावरची मुदत ही योग्य जागी ठेवलेल्या पाकिटाची असते, तापलेल्या फळीवरच्या पाकिटाची नव्हे. मेलेले जिवाणू दुप्पट लावले तरी मेलेलेच. उलट जास्तीच्या लेपानं बी एकमेकांना चिकटतं, पेरणी यंत्रात अडकतं, आणि चोळताना सोयाबीनची पातळ साल निघते ती वेगळीच.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पुरे. पाकीट पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी घ्या, पाकिटावर 'सोयाबीन' लिहिलेलं बघून घ्या. तुरीचं किंवा हरभऱ्याचं चालत नाही. कृषी विज्ञान केंद्राच्या काउंटरवर मिळत असेल तर आधी तिथं विचारा. आता घेतलेलं घरात ठेवायचं तर ओल्या वाळूवर माठ ठेवा, पाकिटं पन्नीत बांधून आत, वर ओलं पोतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे चांगलं गार राहतं. पाऊस लागल्यावर दमट हवेत माठ गार पडत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र कालवून लावा असं सांगतात, ते ऐकू नका. बुरशीनाशक आधी, ते वाळू द्या, जिवाणू सगळ्यांत शेवटी, सावलीत, आणि बी त्याच दिवशी जमिनीत. सकाळी लावलेलं बी दुपारभर बंडीत उघडं ठेवायचं नाही.

फरक पडला की नाही हे झाडाच्या उंचीवरून ठरवू नका. पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी चार-पाच झाडं खुरप्यानं मातीसकट उचला, ओढून उपटू नका, गाठी मातीतच राहतात. गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी असेल तर जिवाणू काम करतो आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आणि त्या वेळी युरिया फेकायला सांगणारा येईलच. त्याच्यासमोरच गाठ फोडून दाखवा.

प्रश्न (राळेगाव तालुका) : पऱ्हाटीत (कपाशीत) बोंडअळी आहे, ओळखीसाठी अळ्या डबीत भरून आणू का?

उत्तर : झाकण गच्च लावलेल्या डबीत अळ्या गुदमरून काळ्या पडतात, हिरवी अमेरिकन बोंडअळी असेल तर एकमेकींना खातात. वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं देठासकट तोडा, कागदी पिशवीत ठेवा, पिशवीला टाचणीनं भोकं पाडा, सोबत डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं) असतील तर त्याही घ्या. वर सांगितलेल्या थर्माकोलच्या डब्यातून सकाळीच आणा, फवारणीच्या आधी.