कुलाब्याला स्टेशन होतं?

प्रश्न: आजोबा म्हणायचे की चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत लोकल जायची. खरंच की थाप?

उत्तर: थाप नाही हो, आजोबा बरोबर होते! बीबीसीआय, म्हणजे आजची वेस्टर्न, तिचं शेवटचं स्टेशन कुलाबाच होतं. 1873 मध्ये गाड्या तिथवर पोचल्या, 1896 मध्ये मोठं टर्मिनस झालं आणि 1928 मध्ये वेस्टर्नची पहिली इलेक्ट्रिक लोकल निघाली तीही कुलाब्याहूनच, चर्चगेट तेव्हा मधलं स्टेशन, बोला आता! मग बॅकबेचं रेक्लमेशन, म्हणजे समुद्रात भराव घालून जमीन करणं, आलं, डिसेंबर 1930 मध्ये बॉम्बे सेंट्रल सुरू झालं आणि 31 तारखेला कुलाबा बंद. रूळसुद्धा उखडले. आज तिथे बधवार पार्क, रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी.