घरचा काटा १०९.२, दवाखान्याचा १११.६: वजन वाढलं का?

ताई, वजन वाढलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की स्लीव्ह ऑपरेशनच्या (वजन उतरवायला जठर कापून लहान करतात ते) आधी मिरजेच्या दवाखान्यात ११८.४ भरलं, तीन आठवड्यांनी तासगावला घरी सकाळी १०९.२, आणि त्याच दुपारी तपासणीला गेलात तर १११.६. मीही याच ऑपरेशनमधून गेलेय, राहते सांगलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब बघा. ११८.४ दवाखान्याच्या काट्यावरचे, तर वजाही दवाखान्याचेच करायचे, म्हणजे १११.६. उतरलं ६.८ किलो. सव्वानऊ किलो उतरल्याचा जो आनंद झाला होता तो दोन वेगळ्या काट्यांच्या वजाबाकीचा होता. एका काट्यावर आवक आणि दुसऱ्यावर पट्टी (विक्रीचा हिशोब), असं मार्केट यार्डात हळद घेऊन आलेला शेतकरी तरी चालवून घेईल का? ऑपरेशनआधी घरच्या काट्यावर केलेलं वजन कुठे लिहून ठेवलं असेल तर शोधा. नसेल तर घरचा हिशोब आजपासून वेगळा सुरू करा.

मधले २.४ किलो आले कुठून? सकाळी उपाशीपोटी गाऊनवर. दुपारी ड्रेस, ओढणी, चप्पल, कदाचित खांद्याला पर्ससुद्धा. अर्धा लिटर पाणी पोटात गेलं की अर्धा किलो वाढलाच, आणि तुम्हाला तर दिवसभर घोट घोट प्यायला सांगितलेलं असणार. उरलेला फरक काट्यांचा.

घरचा काचेचा काटा चार पायांखालच्या सेन्सरवर चालतो. बाथरूमच्या फरशीला पाण्यासाठी उतार असतो, जुन्या शहाबादी फरशीला सांधे असतात. एक पाय जरी अधांतरी राहिला तरी आकडा बदलतो. सपाट जागा बघा आणि तो तिथून हलवूच नका. भिंतीला उभा टेकवून ठेवत असाल तर खाली ठेवल्यावर एकदा पाय लावून शून्य येऊ द्या, मगच उभ्या राहा. सेल उतरले असतील तर बदला.

काटा तपासायचाय? घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी आधी नुसतं आणि मग १० किलोची सीलबंद आट्याची पिशवी घेऊन उभं करा. फरक दहाच्या आसपास यायला हवा. (तुम्ही स्वतः पिशवी उचलायची नाही, पोटावर टाके आहेत!) पुष्कळ डिजिटल काटे थोडाच फरक असेल तर मागचाच आकडा पुन्हा दाखवतात, त्यामुळे "तीनदा केलं, तीनदा तेच आलं" यावर फार विसंबू नका. कायम दोन किलो कमी दाखवणारा काटा मला चालतो. आज दोन, उद्या अर्धा असा नाचणारा नको. चरबीचे टक्के दाखवतो तो भाग तर बघूच नका. तो अंगातून हलका करंट सोडून काढलेला अंदाज असतो, अंगातल्या पाण्याप्रमाणे बदलतो.

आणि पाण्याचा खेळ तुमच्या अंगातही चाललाय. ॲडमिट असताना सलाइन चढतं, म्हणून घरी येताना वजन उलट जास्त भरू शकतं. मग पातळ आहारावर ग्लायकोजेन, म्हणजे अंगात साठवलेली साखर, संपतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी जातं, आणि काटा धाडधाड उतरतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो बऱ्याच जणींचा अडतो. बद्धकोष्ठता, पाळी, कशानेही किलोभर इकडेतिकडे होतं. मी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करते. रोज करणाऱ्या बायका उगाच घाबरतात आणि मग प्रोटीन खायचं सोडतात, जे सगळ्यात वाईट.

डॉक्टरांना मात्र त्यांच्याच काट्यावरचा आकडा मोजू द्या. घरचा सांगायचा तर "घरचा" म्हणून वेगळा सांगा. एक-दोन दिवसांत वजन झपाट्याने वाढून पायावर सूज आली, दम लागला, किंवा उलट्या होऊन पाणीही टिकत नाही, ताप आहे, छातीत धडधडतंय, तर काटा खरा की खोटा हे बघत बसू नका, लगेच दवाखान्यात फोन करा.