घरी बांधलेल्या उथळ पाण्यातल्या होडीला १५ ऐवजी २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन बसवता येईल का?

येईल, पण होडीचा आकार आणि रचना तेवढी ताकद पेलणारी असेल तरच. आधी ट्रान्सम, म्हणजे इंजिन जिथे बसतं ती मागची फळी तपासा. प्लायवूडमध्ये पाणी मुरलं असेल तर वरून नुसता थर चढवू नका. कुजलेला भाग काढा, नवं मरीन प्लाय इपॉक्सीने बसवा आणि तिरके आधार देऊन जोर तळापर्यंत पोचवा. इंजिन फळीला आवळणाऱ्या क्लॅम्पवर विसंबू नका, आरपार बोल्ट हवेतच.

खरी अडचण वजनाची. जड इंजिनाने मागचा भाग दबतो आणि उथळ पाण्यात जाण्याची सोयच जाते. म्हणून पेट्रोलची टाकी, बॅटरी पुढे सरकवा. शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा खाली पाण्यात जाणारा दांडा, ट्रान्समच्या उंचीनुसार घ्या: साधारण १५ इंचाला शॉर्ट, २० इंचाला लाँग. सपाट तळाची होडी वेगात वळताना घसरते, तेव्हा किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी अंगाला अडकवल्याशिवाय कृपया निघू नका.