परवानगी गोडाऊनची, गरगर ग्राइंडरची!

या महिन्यात भंगार आणि प्लास्टिकच्या मशीनवरची पत्रं बरीच आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. पहिलं पत्र मशीनच्या शेजारी राहणाऱ्या ताईंचं आणि दुसरं मशीन चालवणाऱ्या दादांचं आहे, दोघं वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना ओळखत नाहीत, पण मला वाचताना सारखं वाटत होतं की या दोघांना एका टेबलावर चहाला बसवावं.

प्रश्न : आमचं रो-हाउस मुळशी तालुक्यातल्या एका गावात आहे. 2019 ला घेतलं तेव्हा मागे भाताचं खाचर होतं. नंतर तिथं पत्र्याचं गोडाऊन झालं, भंगाराचे गठ्ठे यायचे जायचे, त्याचा आम्हाला काही त्रास नव्हता. दिवाळीनंतर मात्र आत प्लास्टिक दळायचा ग्राइंडर बसवला. सकाळी साडेसहाला सुरू होतो तो रात्री साडेअकराला बंद. निळ्या ड्रमचे तुकडे टाकले की असा काही आवाज येतो की टीव्ही पॉज करावा लागतो, आणि ओट्यावरच्या पातेल्यांची झाकणं थरथरतात. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले आम्ही ना हरकत दिलीय. पोलिस म्हणाले डीजे असेल तर सांगा, मशीन आमच्याकडे येत नाही. मोबाइलच्या आवाज मोजायच्या ॲपवर 68 डेसिबल दाखवतं. सासूबाईंना झोप नाही. काय करायचं?

उत्तर : ताई, ते 68 क्षणभर बाजूला ठेवा, त्याच्याकडे येतोच. आधी मला सांगा, ती ना हरकत तुम्ही डोळ्यांनी बघितलीत का? कारण मी नगररचनेच्या कामात इतकी वर्षं काढली, त्यात असे दाखले ढिगाने बघितलेत आणि निम्म्यांवर नुसतं "गोडाऊनसाठी हरकत नाही" एवढंच असतं. गोडाऊन म्हणजे माल ठेवायची जागा. त्यात मोटर लावून माल दळायला घेतला की ते गोडाऊन राहत नाही, तो कारखाना झाला. आपल्या 1966 च्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्यात "विकास" या शब्दाची व्याख्या आहे ना, ती फक्त बांधकामापुरती नाही, जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात मोठा बदल केला तरी तो विकासच, आणि त्यालाही परवानगी लागते. एक वीट न रचता बेकायदा विकास होऊ शकतो हे लोकांना पटतच नाही, पण तसं आहे.

आणि दुसरं म्हणजे ग्रामपंचायतीची ना हरकत ही विकास परवानगी नव्हेच. तुमचं गाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येत असणार, तिथली परवानगी प्राधिकरण देतं. तेव्हा पहिलं काम असं करा, माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, त्यात गट नंबर लिहून विचारा की या जागेचा झोन कुठला, तिथं कुठल्या वापराला परवानगी दिलीय, मंजूर नकाशाची प्रत द्या, आणि वापर बदलायला कोणी अर्ज केलाय का. 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. सातबारा तर तुम्ही घरबसल्या काढाल, त्यावर बिनशेतीची नोंद आहे का आणि ती निवासी की औद्योगिक तेही बघून ठेवा.

दुसरा अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयात. प्लास्टिक रिसायकल करणाऱ्याला 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांप्रमाणे मंडळाकडे नोंदणी लागते, शिवाय युनिट उभारायच्या आधी मंडळाची एक कन्सेंट, म्हणजे संमती, आणि चालू करायच्या आधी दुसरी. या कन्सेंटच्या कागदावर किती माल, कसला माल, जनरेटर किती केव्हीएचा, सगळं लिहिलेलं असतं. ते नीट वाचा, कारण खरी गंमत बऱ्याचदा तिथंच सापडते, कागदावर "सॉर्टिंग आणि बेलिंग" म्हणजे निवडणं आणि गठ्ठे बांधणं एवढंच, आणि आत ग्राइंडर गरगरतोय!

आता आवाज. 2000 साली आलेल्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागाला 65 आणि 55, औद्योगिक भागाला 75 आणि 65. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. मंडळाच्या कन्सेंटमधे मात्र सरसकट 75 आणि 65 ची अट छापलेली असते, मग मालक तो कागद तुमच्या तोंडासमोर धरतो की बघा मला 75 पर्यंत मुभा आहे. तर ती अट त्याच्या आवारातल्या आवाजाची, तुमच्या बेडरूमच्या खिडकीला तो आकडा लावायचा नसतो. आणि एक मजेशीर खाच आहे, या नियमांत शेती झोन नावाचा रकानाच नाही! औद्योगिक, व्यापारी, निवासी, शांतता, बस एवढेच चार. त्यामुळे तुमची रांग घरांची म्हणून निवासी धरायची की काय यावर अधिकारी घोळ घालतील, तेव्हा तुमच्या रो-हाउसच्या मंजूर नकाशाची प्रत अर्जाला जोडाच, त्यावर निवासी लिहिलेलं असतं.

तक्रार करायला मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त आवाज असावा लागतो, म्हणजे दिवसा तुम्हाला 65 गाठायचेत, रात्री 55 पुरे. म्हणून साडेसहाच्या कटकटीपेक्षा रात्री 10 ते साडेअकरा हा दीड तास जास्त कामाचा, तक्रारीत तो सगळ्यात वर लिहा. मोबाइलच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून कोणी धरणार नाही, फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, पण मंडळाच्या माणसाला मीटर घेऊन कधी यायचं हे सांगायला तो चांगला. मोजताना पंखा, मिक्सर बंद, खिडकी उघडी, रोज तीच जागा. हे मोजमाप ठरावीक वेळेची सरासरी असतं, एखाद्या दणक्याचं नसतं, म्हणून मशीन रिकामं फिरतंय आणि अधिकारी मोजून गेला असं होऊ देऊ नका. पंधरा दिवस वहीत लिहा, "मंगळवार, 10.20, जाड ड्रम, 40 मिनिटं सलग, मग पुन्हा क्रेट" अशा पद्धतीने. बायका असल्या नोंदी फार छान ठेवतात, दुधाच्या हिशेबाची सवय असते ना.

आणि ती झाकणं! ती वेगळी लिहा. डेसिबलचा हा जो मीटर आहे तो माणसाच्या कानाच्या हिशेबाने मोजतो, खालच्या पट्टीची घरघर तो कमी धरतो. जमिनीतून येणारी थरथर तर त्यात येतच नाही. तुमच्या घरात 50 भरले तरी झाकणं वाजतच राहतील, म्हणून "कंपन" असा शब्द वापरून स्वतंत्र मुद्दा करा आणि एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा.

पोलिसांना सांगा की हे नियम नुसत्या डीजेचे नाहीत, आणि नियमातला "प्राधिकारी" आपल्या राज्यात पोलिसांतलाच वरचा अधिकारी आहे. भांडू नका, लेखी द्या, पोच घ्या. त्यानेही हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे, जुन्या फौजदारी संहितेत ते 133 होतं, त्याखाली प्रांत उपद्रव थांबवायचा सशर्त आदेश काढू शकतात. तो सार्वजनिक त्रासासाठी असतो म्हणून रांगेतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, एकट्या सासूबाईंच्या झोपेवर तो अर्ज टिकणार नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण पुण्यातच बसतं, पण तिथं वाद पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवसापासून 6 महिन्यांची मुदत मोजतात. दिवाळीनंतर सुरू झालंय म्हणालात, तेव्हा कॅलेंडर बघा.

प्रश्न : मी प्लास्टिक क्रशिंगचं छोटं युनिट चालवतो, एक ग्राइंडर आहे, सगळी कागदपत्रं आहेत, झोन पण इंडस्ट्रियल आहे. आता ऑर्डर वाढली म्हणून तेवढाच दुसरा ग्राइंडर घेऊन दोन शिफ्ट करायचा विचार आहे. मागच्या बाजूला 60 मीटरवर नवीन बिल्डिंग झाली आणि तिथले लोक आत्ताच तक्रारी करतात. म्हणतात दुसरं मशीन आलं की आवाज डबल होणार. आधी आम्ही आलो, मग ते आले, तरी आम्हीच गुन्हेगार का? दुसऱ्या मशीनला परत परवानगी लागेल का, आणि आवाज कमी करायला स्वस्तात काय करता येईल?

उत्तर : दादा, "आधी आम्ही आलो" हे मला मनापासून पटतं, आणि शहराच्या बादल्या-बाटल्या तुमच्यासारख्यांनी उचलल्या नाहीत तर त्या ओढ्यात दिसतील हेही खरं. पण कायद्यात या मुद्द्याचं वजन फार नाही हो. 2025 च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने भंगाराच्या गोदामांवर बुलडोझर चालवला, हजारो शेड गेल्या, त्यात वर्षानुवर्षं धंदा करणारे कितीतरी होते. तेव्हा जुनेपणावर विसंबू नका.

परवानगी लागेल. मशीन वाढलं की उत्पादन वाढतं, कन्सेंटवरचा आकडा ओलांडला जातो, तर विस्ताराचा अर्ज मशीन यायच्या आधी करा. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या, भार न वाढवता मोटर जोडली की पहिला कागद तिथंच तुमच्या विरोधात तयार होतो. शेड वाढवणार असाल तर नकाशा परत मंजुरीला.

आवाज डबल होणार हे शेजाऱ्यांचं गणित चुकीचं आहे, हे त्यांना प्रेमाने सांगा. तेवढ्याच आवाजाचं दुसरं मशीन लावलं की आकडा फक्त 3 डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 वाढावे लागतात. पण त्यांचा खरा राग 3 डेसिबलचा नाहीच, दुसऱ्या शिफ्टचा आहे. तुम्ही लेखी द्या की रात्री 10 नंतर ग्राइंडर बंद, तेव्हा फक्त निवडणं, धुणं, पॅकिंग. मी स्वतः असे दोन वाद एका अशा पत्रावर मिटलेले बघितलेत.

स्वस्तात काय, तर सगळ्यात आधी ब्लेड. बोथट ब्लेड माल कापत नाही, आपटतं, आणि तो आवाज सगळ्या गल्लीला कळतो. धार वेळेवर लावा, वीजबिलही उतरेल. मग मशीनखाली जाड रबर पॅड, आणि फाउंडेशन शेडच्या पायापासून मोकळं. तोंडाशी, जिथून माल टाकता तिथं, रबराच्या जाड पट्ट्यांचा पडदा, कारण निम्मा आवाज त्या तोंडातूनच बाहेर उडतो. पत्र्याची शेड म्हणजे ताशा आहे, आतून वाजतो बाहेर ऐकू येतो, म्हणून ग्राइंडरभोवती वेगळी विटांची खोली करा, आतून काचलोकर लावा, हवा येण्याजाण्याची वाट वळणाची ठेवा नाहीतर मोटर तापेल. आणि फट ठेवू नका. दाराखाली चार बोटं फट राहिली तर भिंतीवरचा खर्च बराचसा वाया, आवाज पाण्यासारखा वाट काढतो. दार बिल्डिंगच्या उलट्या बाजूला.

झाडं लावा म्हणून कोणी सांगेल. लावा की, सावली मिळेल, पण दोन ओळी अशोकाने आवाज अडत नाही. अंतर मात्र कामाचं, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल कमी होतात, म्हणजे दुसरं मशीन मागच्या भिंतीला न लावता पुढच्या टोकाला बसवलंत तर एक पैसा न घालता फायदा.

आणि तुमच्या पोरांचे कान! कारखान्यात 8 तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, ग्राइंडरच्या शेजारी ती सहज ओलांडली जाते. कानात कापूस घालून काही होत नाही, नीट इअरमफ द्या.

प्रश्न : आमच्या शाळेशेजारी सुका कचरा निवडायचं केंद्र आहे. भर वर्गाच्या वेळी टेम्पोतून काचेच्या बाटल्या ओततात. शाळेभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असतंच ना?

उत्तर : सर, असतंच असं आता म्हणता येत नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने ते क्षेत्र रीतसर जाहीर केलेलं असावं लागतं, तर तुमची शाळा त्या यादीत आहे का हे आधी बघा. जाहीर असेल तर दिवसा मर्यादा 50. नसेल तरी केंद्राच्या मुकादमाला भेटा, काच दुपारी शाळा सुटल्यावर ओता म्हणावं, आणि ड्रमच्या तळाशी जुन्या टायरचा तुकडा टाकायला सांगा, पहिल्या बाटलीचा खणखणाट त्यानेच निम्मा होतो.