सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यावरचा घोडेस्वार कोणी कोरला? तो कारागीर इंग्रज होता का?

नाही, तो इटालियन होता: बेनेडेट्टो पिस्त्रुच्ची, जन्म रोम, 1783. पुरावा नाण्यावरच आहे. सालाच्या उजवीकडे भिंगातून पाहिलं की बहुतेक नाण्यांवर ‘बी. पी.’ ही आद्याक्षरं सापडतात. रत्नांवर उठावाचं कोरीवकाम करणारा हा शिल्पकार 1815 मध्ये लंडनला आला आणि 1817 च्या सॉव्हरिनसाठी त्याने हा घोडेस्वार, म्हणजे ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज, घडवला. परदेशी असल्यामुळे ब्रिटिश टाकसाळीचं मुख्य कोरणकाराचं पद मात्र त्याला रीतसर मिळालं नाही. 1828 मध्ये ते विल्यम वायनला गेलं आणि पिस्त्रुच्चीला मुख्य पदककार केलं. माझ्या मते पिस्त्रुच्चीची खरी ताकद नेपोलियनवरच्या विजयाच्या वॉटर्लू पदकात दिसते. 1819 ला काम मिळालं, पदक पाडायचे ठसे 1849 मध्ये हातात आले! तोवर ज्यांना पदक द्यायचं होतं त्यांच्यापैकी एकटा वेलिंग्टन, वॉटर्लू जिंकणारा ब्रिटिश सेनापती, हयात होता. ठसे इतके मोठे होते की तडकतील या भीतीने ते कडक केलेच नाहीत, त्यामुळे सोन्यात पदक पाडलंच गेलं नाही. पिस्त्रुच्ची 1855 मध्ये इंग्लंडमध्येच वारला.

एक लक्षात ठेवा, सगळ्या सॉव्हरिनवर हे चित्र नसतं. 1825 नंतर बरीच वर्षं नाण्याच्या मागच्या बाजूला ढाल होती, घोडेस्वार 1871 ला परतला. मूळ चित्रात जॉर्जच्या हाती तुटलेला भाला आहे, तलवार 1821 पासून आली. घरातल्या गिनीवर (सॉव्हरिनला आपल्याकडे गिनीही म्हणतात) 1918 साल आणि त्यावर बारीक ‘आय’ असेल, तर ती मुंबईच्या टाकसाळीतली.