सहापैकी पाच बरोबर येतात, म्हणून आपत्कालीन निधी काढायचा का?

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात): वय ३४. नवरा-बायको दोघंही नोकरी करतो, एक लहान मुलगी आहे. गेले चौदा महिने दर शनिवारी सहा सामन्यांचं एक पार्ले लावतो (म्हणजे एकत्र सट्टा; सहाही अंदाज बरोबर आले तरच पैसे मिळतात). ६१ स्लिपा झाल्या, प्रत्येकीची नोंद वहीत आहे. एकदा सहाच्या सहा लागले आणि ४७ पट पैसे मिळाले. सहा वेळा फक्त एका सामन्यानं हुकलं. आता अंदाज चांगला बसलाय असं वाटतं. पुढच्या वर्षी घर घ्यायचंय, सुरुवातीला भरायची रक्कम थोडी कमी पडते. पाच महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी आहे. त्यातले दोन महिन्यांचे पैसे बाजूला काढून वर्षभर डाव तिप्पट करावा का? एकूण गुंतवणुकीच्या किती टक्के रक्कम यात ठेवणं सुरक्षित? बायकोला नक्की आकडा माहीत नाही. वहीची पानं आणि बँकेचा उतारा सोबत पाठवतोय.

नमस्कार,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. आपत्कालीन निधीला हात लावू नका. डाव वाढवू नका. टक्क्यांचा प्रश्न इथे लागूच होत नाही, कारण पार्ले गुंतवणुकीच्या रकान्यात बसत नाही, खर्चाच्या रकान्यात बसतं. आणि सध्या तुमच्या त्या रकान्यातही शून्य असावं असं माझं मत आहे. हे मत तुमच्याच वहीवरून बनलंय. वही तुम्ही फार नेटानं लिहिलीय. स्वतःच्या पैशाची इतकी नीट नोंद ठेवणारी माणसं मला कमी भेटतात.

ती पानं मी दोनदा वाचली. प्रत्येक स्लिपच्या पुढे तुम्ही बरोबर-चूक अशा खुणा केल्यात, आणि पाच बरोबर आले त्या सहाही ठिकाणी एकच शेरा आहे: ‘थोडक्यात गेलं.’ एका जागी त्याखाली दोन रेघा ओढल्यात. मग मी मोजायला बसलो. सहाच्या सहा बरोबर, अशी स्लिप १. पाच बरोबर अशा ६. चार बरोबर अशा १४.

आता सहा नाणी घ्या. तुम्ही निवडलेल्या जवळपास सगळ्या सामन्यांचा भाव १.९ च्या आसपास आहे (जिंकलात तर एका रुपयाचे १.९ रुपये परत), म्हणजे बुकीच्या हिशेबानं दोन्ही बाजू साधारण सारख्याच. सहा नाणी एकदम उडवली तर ती ६४ प्रकारे पडू शकतात. सहाही छापा एकाच प्रकारे. पाच छापा सहा प्रकारे. चार छापा पंधरा प्रकारे. हाच खेळ ६१ वेळा केला तर सरासरीनं सहाच्या सहा एकदा, पाच सहा वेळा आणि चार चौदा वेळा यायला हवेत. तुमची वही आणि ही नाणी यांच्यात मला फरक सापडला नाही.

हे वाचून वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. आकडेवारी, दुखापती, मैदानाचा स्वभाव, या सगळ्यावर तुम्ही तासन्‌तास घालवलेत हे पानापानावर दिसतं. पण ते सगळं बुकीकडेही आहे आणि भावात आधीच उतरलेलं आहे. तुमच्या एकूण ३६६ निवडींपैकी १८५ बरोबर आल्या. १.९ च्या भावात नुसतं बरोबरीत सुटायला १९३ लागल्या असत्या.

‘थोडक्यात गेलं’ या शेऱ्यावर मला जरा थांबायचंय, कारण सगळी मेख तिथेच आहे. सहा सामन्यांच्या पार्लेत एकानं हुकण्याची शक्यता जिंकण्याच्या सहापट असते. ती त्या रचनेतच आहे, तुमच्या अभ्यासाशी तिचा काही संबंध नाही. पण मनाला ती ‘जवळ आलोय’ अशी भासते. ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली केंब्रिजमध्ये यावर प्रयोग केला होता. त्यात थोडक्यात हुकल्यावर लोकांना वाईट वाटलं, तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढली, आणि तीही निवड त्यांनी स्वतः केलेली असताना. तुम्ही तर सहाही सामने स्वतः निवडता. डाव तिप्पट करायची कल्पना तुम्हाला कधी सुचली, हेही वहीत सापडतं. दोन रेघा ओढलेल्या त्या स्लिपच्या पुढच्याच पानावर समासात ‘×३?’ असं लिहिलंय.

आता बुकीच्या बाजूनं बघू. निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या सामन्याला न्याय्य भाव २ असतो. तो १.९ देतो, म्हणजे शंभरामागे पाच त्याचे. एकाच सामन्यावर पैसे लावले तर तोटा एवढाच. पण पार्लेत प्रत्येक सामन्याचा भाव पुढच्या भावानं गुणला जातो, आणि भावाबरोबर बुकीची कापणीही गुणली जाते. सहा सामन्यांना न्याय्य परतावा ६४ पट, तुम्हाला मिळतो ४७ पट. शंभरामागचे पाच वाढून २६ च्या वर जातात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या नियामकाची वर्षानुवर्षांची आकडेवारी हेच सांगते: सगळ्या क्रीडा-सट्ट्यावर मिळून बुकींकडे राहतात शंभरातले साधारण पाच, आणि पार्ले कार्डांवर साधारण तीस. स्लिपेत आणखी एक सामना जोडा म्हणून सारखं का सुचवलं जातं, ते यावरून लक्षात येईल.

‘पक्के’ सामने घेतले तरी सुटका नाही. १.२ भावाचे सहा सामने घेतलेत आणि प्रत्येक जिंकायची शक्यता ८० टक्के धरली, तर सहाच्या सहा लागण्याची शक्यता २६ टक्क्यांवर येते. म्हणजे चारातल्या तीन स्लिपा तरीही जाणार, आणि लागलेली स्लिप जेमतेम तिप्पट देणार. एकाच सामन्यातल्या तीन-चार गोष्टी जोडून जे पार्ले करतात, ते मला याहून वाईट वाटतं. तिथे एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असते, भाव बुकीच्या गणितातून येतो आणि आपल्याला तो पडताळून बघायची सोयच नसते. ‘एक सामना हुकला तर पैसे परत’ ही योजना तर थेट त्या ‘थोडक्यात गेलं’ला बांधलेली आहे. परत मिळतं ते बहुतेकदा पुढच्या डावासाठीचं क्रेडिट असतं, रोख नव्हे. आणि सामना चालू असताना येणारा कॅश-आउटचा, म्हणजे निकालाआधीच स्लिप सोडून पैसे घेण्याचा, आकडा बुकीनं काढलेला असतो. त्यात त्याची कापणी पुन्हा एकदा धरलेली असते.

आता तुमचा खरा प्रश्न, म्हणजे दोन महिन्यांचे पैसे आणि एक वर्ष. वर्षाचे ५२ शनिवार, ५२ स्लिपा. एकही न लागण्याची शक्यता ४४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या शक्यतेनं ते दोन महिन्यांचे पैसे पूर्ण जातात. बरोबर एक स्लिप लागण्याची शक्यता ३६ टक्के, पण ती लागली तरी ४७ डाव परत येतात (एक डाव म्हणजे एका स्लिपवर लावलेली रक्कम) आणि गेलेले असतात ५२. त्यामुळे वर्षाच्या शेवटी नफ्यात असायला किमान दोन स्लिपा लागायला हव्यात. हिशेब केला तर तोट्यात राहण्याची शक्यता ऐंशी टक्के येते. समजा, तुमचा अंदाज खरोखरच चांगला आहे आणि शंभरात ५० ऐवजी ५५ निवडी बरोबर येतात. मग गणित तुमच्या बाजूनं झुकतं, हे मी नाकारत नाही. पण तरीही वर्षभर एकही स्लिप न लागण्याची शक्यता २३ टक्के उरते. ज्याला पुढच्या वर्षी घरासाठी ठरावीक रक्कम भरायचीय, त्यानं एवढ्या अनिश्चित गोष्टीवर भिस्त ठेवायची नाही. आणि तुमची वही ५५ दाखवतही नाही.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं आपण म्हणतो. आपत्कालीन निधी हे तुमचं हातचं आहे. दोघांपैकी एकाची नोकरी गेली, मुलीचं आजारपण निघालं, तर पाच महिने कर्ज न काढता तग धरता यावा म्हणून तो ठेवलाय. तीन महिन्यांवर आला की घर घेण्याची तुमची ताकदही तेवढीच कमी होते.

आता थोडं नाजूक बोलतो. वहीप्रमाणे तुमचा एकूण तोटा १४ डाव. ६१ लावले, ४७ मिळाले. पण बँकेचा उतारा वेगळं सांगतो. त्या खात्यात तुम्ही ८४ डावांएवढे पैसे भरलेत आणि बाहेर काढलेत फक्त १०. खात्यात आता काही शिल्लक नाही. म्हणजे तोटा ७४ डावांचा आहे, आणि त्यातल्या ६० डावांची वहीत नोंद नाही. हे पैसे कुठे गेले ते तारखांवरून कळतं: रविवारी रात्री, बहुतेक सगळे व्यवहार पार्ले हुकल्यानंतरच्या तासा-दोन तासांत, छोट्या-छोट्या रकमांनी. आणि ४७ पट जिंकलात त्या आठवड्यातही, पैसे काढून घेण्याऐवजी. तुम्ही माझ्यापासून काही लपवलंत असं मी म्हणत नाही. उतारा तुम्हीच पाठवलात. पण शनिवारची स्लिप तुम्ही ‘अभ्यास’ म्हणून मोजता आणि रविवारची रात्र मोजतच नाही.

गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस ही जुगार सोडू पाहणाऱ्यांची संस्था १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. तिची वीस प्रश्नांची यादी आहे. हरल्यावर ते पैसे लगेच भरून काढावेसे वाटतात का? जिंकल्यावर आणखी जिंकायला परत जावंसं वाटतं का? पैशाची अडचण सोडवण्यासाठी जुगार खेळलात का? यातल्या तिन्हींची उत्तरं मला तुमच्या पत्रात आणि उताऱ्यात ‘हो’ अशी दिसतात. जुगाराच्या आहारी गेलेल्या बहुतेकांची किमान सात उत्तरं ‘हो’ येतात, असं ती संस्था सांगते. उरलेले सतरा प्रश्न तुम्ही एकटे बसून, शांतपणे वाचा. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण जुगाराची सवय हा आजार होऊ शकतो हे वैद्यकशास्त्रानं मान्य केलेलं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत तो व्यसनांच्या गटात घेतलाय. तेव्हा समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

एखाद्याला जबाबदारीनं पार्ले खेळताच येत नाही का? येतं, पण अटी कडक आहेत. आधी तुम्ही राहता तिथे हे कायदेशीर असलं पाहिजे. जिथे मनाई आहे तिथे जिंकलेले पैसे बुडाले तर दाद मागायलाही जागा नसते, त्यामुळे तिथे पुढचं बोलणंच खुंटतं. रक्कम करमणुकीच्या खर्चातून यावी, बचतीतून नाही, आणि लावल्या क्षणी ती संपली असं धरावं. सहाऐवजी दोन सामने घ्यावेत. कापणी शंभरामागे दहाच्या आत राहते आणि सामना बघायची मजा तेवढीच असते. खात्यावर भरण्याची मर्यादा आधी घालून घ्यावी, ती मर्यादा रविवारी रात्री वाढवायची नाही. जिंकलेले पैसे त्याच दिवशी बाहेर काढावेत. आणि घरातल्या माणसाला आकडा माहीत असावा. या शेवटच्या अटीवर मी कधीच तडजोड करत नाही. जो खर्च जोडीदाराला सांगता येत नाही, त्याचं अंदाजपत्रक मला करता येत नाही.

तुमच्याबाबतीत मात्र या अटी आज पुऱ्या होत नाहीत, म्हणून शून्य. खात्यात स्वतःला बंदी घालून घ्यायची सोय असेल तर किमान सहा महिन्यांची घ्या. बँकेकडून अशा व्यवहारांना अडवणूक लावता येत असेल तर तीही लावा. वेगवेगळ्या दोन ठिकाणचे अडथळे असले की रविवारची रात्र निभावते. गेल्या चौदा महिन्यांत ७४ डाव गेले, म्हणजे महिन्याला पाचच्या वर. तेवढी रक्कम आजपासून दरमहा घरासाठीच्या ठेवीत वळती करा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, आपोआप. त्यानं कमी पडणारी रक्कम पुढच्या वर्षापर्यंत पूर्ण होणार नाही. घर कदाचित सात-आठ महिने पुढे जाईल, किंवा थोडं लहान घ्यावं लागेल. यातलं कोणतं चालेल हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं आहे, मी नाही.

येत्या शनिवारची स्लिप तुम्ही आधीच लावल्याचं लिहिलंय. तिला हात लावू नका. कॅश-आउट करून ते पैसे दुसरीकडे फिरवू नका. निकाल काहीही लागो, खात्यात जे उरेल ते सोमवारी सकाळी बाहेर काढा आणि मग खातं बंद करा. बायकोला वहीच्या आधी बँकेचा उतारा दाखवा. ते झालं की मला पुन्हा लिहा, शक्य असेल तर दोघं मिळून, म्हणजे घराचं गणित आपण खऱ्या आकड्यांवर मांडू.