वाड्यातली माया लिहिताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाटकाचे दोन्ही अंक वाचून झाले. १८७४ सालचं पुणं, सदाशिव पेठेतला वाडा, कर्ती सासू, अक्षर गिरवायला धडपडणारी धाकटी सून, माहेरी परत आलेली बालविधवा नणंद. घर तू उत्तम उभं केलं आहेस. टोमणे, रुसवे, सोवळ्या-ओवळ्यावरून होणारी खडाखडी, यांत तुझी लेखणी कुठं अडत नाही. पण ही माणसं एकमेकांशी प्रेमानं वागायला लागली की १८७४ साल संपतं. सासू सुनेला पोटाशी धरते, नवरा भर माजघरात बायकोचा हात धरतो, तीच सासू नणंदेची आई म्हणून, लेकीच्या केशवपनाला आलेल्या न्हाव्याला दिंडी दरवाजातून हाकलून देते. शिवाय सासूबाई सुनेसाठी चहा करतात. तो चहा आधी काढ. अशा घरांत रोजचा चहा रुळायला अजून बराच काळ होता.

चहा काढणं सोपं आहे. बाकीच्याला जास्त विचार लागेल, म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

त्या वाड्यात कुणाला एकांत नव्हता. पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांची पानं, त्यांतही सून शेवटी. वडीलधाऱ्यांदेखत नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. तेलाची बरणी, दुधाचं भांडं, फडताळाची किल्ली, सगळं एकाच बाईच्या ताब्यात. अशा घरात माया करायची म्हणजे कुठला तरी नियम वाकवायचा, आणि नियम वाकला की कुणीतरी बघतंच. म्हणून मायेचा प्रसंग लिहिताना स्वतःला एकच विचारत जा: याची किंमत कोण मोजणार, आणि कधी? तुझ्या मसुद्यात ती कुणीच मोजत नाही. त्यामुळं प्रसंग गोड वाटतात आणि विसरले जातात.

रानड्यांच्या घराकडे बघ. तुझ्या काळाला ते अगदी लागून आहे. महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचं लग्न १८७३ च्या अखेरीस झालं. ते ३१ वर्षांचे, त्या जेमतेम ११ वर्षांच्या. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी विधवेशीच लग्न करावं अशी अपेक्षा होती, आणि नेमकी तीच भीती वडिलांना होती. ते वडिलांपुढं नमले. म्हणजे हा संसार सुरू झाला तो स्वतःच्या तत्त्वाला मुकलेल्या माणसापासून. त्याच माणसानं घरात आलेल्या त्या मुलीला लगोलग शिकवायला घेतलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पण पुढचंही बघ. घरातल्या वडील बायकांना ते शिकणं खपलं नाही, आणि त्यांचा राग निघाला तो रमाबाईंवर. रानडे दिवसभर कोर्टात असत, घरात ती मुलगी असे. माया नवऱ्याची, आणि तिचं मोल चुकतं केलं बायकोनं. रमाबाईंनी हे सगळं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक १९१० साली आलं; मिळवून वाच. त्यात नवऱ्याबद्दलचा अपार आदर आहे आणि सोसलेलंही आहे, शेजारी शेजारी.

आता तुझा पाटीचा प्रवेश. नवरा रात्री बायकोला शिकवतो आणि दोघं हसतात. छान आहे, पण मला त्या दिव्याची काळजी वाटते. तेल मोजून मिळणाऱ्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळला, तर सकाळी कुणाच्या लक्षात येईल? तू मोठ्या जावेला नुसतीच प्रेमळ ठेवली आहेस. तिला स्वतःला वाचता येत नाही, तिच्या नवऱ्याला तिला शिकवावंसं कधी वाटलं नाही, आणि धाकटीच्या खोलीतला उजेड तिला रोज दिसतो. तिच्या पोटात दुखू दे. तिला दोन शब्द लागतील असे बोलू दे. आणि तेल कमी भरतं आहे हे सासूबाईंनी ओळखल्यावर, "काल मुलाचं पोट दुखत होतं, मीच दिवा ठेवला होता," असं ती खोटं सांगू दे. का सांगितलं, हे तिला विचारू नकोस आणि प्रेक्षकांनाही समजावू नकोस. हेवा आणि माया एकाच बाईत नांदतात. अशी बाई रंगमंचावर आली की नटीलाही काम करायला हुरूप येतो.

न्हाव्याच्या प्रवेशावर मात्र मला थांबायलाच हवं, कारण तुझं नाटक तिथं आहे. बालविधवेचं केशवपन पुष्कळदा ती मोठी होईपर्यंत लांबवलेलं असे; तुझी नणंद १४ वर्षांची, म्हणजे वेळ बरोबर धरली आहेस. न्हावी ओसरीवर येतो आणि आई त्याला हाकलून लांबलचक भाषण करते. टाळ्या पडतील. पण ही बाई रोज सोवळ्यात देवपूजेची तयारी करते, सकेशा विधवेच्या हातचं पाणीही देवाला चालत नाही असं मानते. लेकीचं डोकं भादरलं नाही तर घराण्याला पाप लागेल, यावर तिची श्रद्धा आहे. ती श्रद्धा तिच्याकडून काढून घेतलीस तर ती आई उरत नाही, तुझी प्रवक्ती होते.

मग तिनं काय करावं? मला सुचलं ते सांगते, तू वेगळं शोधलंस तरी चालेल. ती सासऱ्यांना निरोप पाठवते, "पोर बाहेरची झाली आहे." बस, चार दिवस तिला कुणी शिवणार नाही, न्हावीही नाही. ज्या विटाळाच्या नियमानं ही घरं बायकांना छळत होती, त्याच नियमाआड आई लेकीला लपवते. देवघराच्या दारात उभी राहून ती खोटं बोलते आणि त्या दिवशी स्वतः निरंकार उपास करते, कारण हे पाप आहे हे तिला मनापासून वाटतं. चार दिवसांनी न्हावी पुन्हा येणार, हेही तिला ठाऊक आहे. ती लेकीला वाचवू शकत नाही, फक्त दिवस पुढं ढकलू शकते. माझ्या मते भाषणापेक्षा यात जास्त प्रेम आहे, कारण ही बाई आपल्या देवाशी खोटं बोलली.

एक मात्र सांभाळ. असे प्रसंग जमले की त्या सगळ्या घराला माफ करून टाकावंसं वाटतं. तसं करू नकोस. आनंदीबाई जोशींनी अमेरिकेहून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी त्यांच्या हातून खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची आठवण काढली आहे, आणि तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं कठीण आहे, अशा अर्थाचं लिहिलं आहे. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, त्यामागं याच नवऱ्याचा ध्यास होता. त्यांनी स्वतः तो हिशेब मिटवला नाही. तूही मिटवू नकोस.

आणखी एक. तुझ्या वाड्यातली सगळी माया आतल्यांची आतल्यांसाठी आहे. परसदारी येणाऱ्या बाईला तू दोन वाक्यं दिलीस आणि परत पाठवलंस. तिला पाणी कसं मिळतं ते दाखव: ओंजळ खाली, तांब्या वर, मध्ये हातभर अंतर. आणि ते पाणी तुझ्या त्याच सासूबाईंनी घालू दे, लेकीसाठी खोटं बोलल्या त्याच दिवशी. त्यांना त्यात काही वावगं वाटणार नाही. प्रेक्षकांना वाटेल. याच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं होतं आणि १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला होता. अशाच एका ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तोच यशवंत. तेव्हा 'त्या काळी असंच होतं' ही सबब तुझ्या नाटकातल्या कुणालाही देऊ नकोस. त्या काळी दुसरंही चाललं होतं, आणि वाड्यात त्याची कुजबूज नक्की पोचत असणार. ओसरीवरच्या गप्पांत फुल्यांचं नाव एकदा तरी, शिव्यांसकट का होईना, येऊ दे. नणंद दाराआडून ते ऐकेल.

नवऱ्यानं हात धरण्याचा प्रसंग काढून टाक, त्याची गरज उरणार नाही. सुनेच्या बाळंतपणाचा प्रवेश आहे तसा ठेव. तिथं सासूबाई रात्रभर बसून राहतात आणि काहीच बोलत नाहीत, ते तुला अचूक साधलं आहे.

आधी न्हाव्याचा प्रवेश नव्यानं लिही. आईच्या तोंडी टाळीचं एकही वाक्य नको. आणि नणंद त्या चार दिवसांत कोपऱ्यात बसून काय करते, कशाचा विचार करते, हे मला तुझ्या मसुद्यात कुठंच सापडलं नाही. सगळे तिच्याबद्दल बोलतात, ती स्वतः गप्प आहे. ते ठरव आणि तेवढाच भाग मला पाठव. बाकीचं नंतर बघू.

तुझ्या
बाई